लाल फेज

पहिल्यांदा लाल गेला.
वडाळ्याच्या खड्ड्यात, रात्री अडीचला,
जॉइंट उघडून बसलो होतो.
पिवळी कोर पिवळी, निळी निळी
आणि लाल म्हणजे
धुऊन धुऊन विटलेला पंचा.
उजवा डोळा मिटला, लाल परत लाल.
डावा मिटला, पंचा.
पास्कलला म्हटलं, बॅटरी बदल रे.
त्याने धावत जाऊन नवी आणली.
बॅटरीचा दोष नव्हता.

मग मान खाली घातली की
मणक्यातून टाचेपर्यंत झिणझिण उतरायची.
तेवीस वर्षं चारशे चाळीसशी घरोबा,
करंट मला ओळखीचा,
पण हा कुठल्या सबस्टेशनचा, कळेना.

पोचखानवाला डॉक्टरीणबाईंनी
पॅडवर एक तार काढली,
तारेवर आवरण, आवरणाला भोकं.
"म्हणजे बघा, वायरचं इन्सुलेशन..."
म्हटलं, बाई, पुढचं मी सांगतो.
त्या हसल्या. मीही.
कुमुद नाही हसली.
विचारलं, कुरतडतंय कोण?
आमच्याकडे घुशी असतात, खाडीचं खारं पाणी,
नाहीतर टेलिफोनवाल्यांची कुदळ.
म्हणाल्या, तुमचंच शरीर.

आता हे कुठल्या रजिस्टरात लिहायचं?

केईएममध्ये पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड.
तोंडात जुन्या आठ आण्याची चव,
डोळ्याला डोळा नाही,
पहाटे चारला मी वॉर्डातले पंखे मोजतोय,
कुठल्याचं बेअरिंग गेलंय ते आवाजावरून.

तीन आठवड्यांनी
दादरला भाजीवालीच्या टोपलीत
टोमॅटो पेटले.
तिथेच उभा राहिलो. आलटूनपालटून डोळे मिटले.
तिला वाटलं, डोळा मारतोय.
दोन किलो घेतले. घरात आम्ही तिघंच.

पुढचे चौदा महिने काही नाही.
चार मजले चढलो, खड्ड्यात उतरलो,
ऋजुताच्या वर्गातल्या पोरांना फ्यूज बांधून दाखवला.
पास्कल म्हणाला, बरा झालास.
पण सडलेली केबल आपोआप सांधली गेलेली
मी तेवीस वर्षांत पाहिली नाही.
ही पाहिली.
तिचीच भीती जास्त.

दुसऱ्या खेपेला पाय.
डाव्या पायातली चप्पल दुसऱ्या मजल्यावर राहिली,
चौथ्यावर कुमुदने पायाकडे पाहिलं
तेव्हा मला कळलं.
ऋजुता खाली गेली, घेऊन आली,
उंबऱ्याशी ठेवली, काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी चपलेला मागून पट्टा होता,
चांभाराचे टाके, पांढऱ्या दोऱ्याचे.

ऑक्टोबरात जिन्यातला कठडासुद्धा तापतो
आणि माझ्या उजव्या डोळ्यावर कुणीतरी
वाफेची काच धरतं.
गार पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या की उतरते.
पहिल्या मजल्यावरचे मोकाशी म्हणतात,
सकाळी तर चालत होता, संध्याकाळी काठी?
त्यांचं बरोबर आहे.
सकाळी चालत होतो.

आता तक्रार खिडकीवर बसवलंय. लाइट ड्यूटी.
या शब्दाला पास्कल अजून हसतो.
फोन येतात, लाइट कधी येणार?
शिकवलेलं उत्तर आहे: माणसं निघालीत.

काल रात्री शिवडीहून एक बाई.
आवाज चढवला नाही तिने.
म्हणाली, माणसं निघालीत ते ऐकलं मी तीनदा.
चार तास म्हणा, सहा म्हणा,
काय ते म्हणा, म्हणजे मी त्या हिशेबाने बसते.

उजव्या हाताला परवापासून
रबरी हातमोजा चढवल्यासारखं वाटतंय.
हातमोजा नाही.
घरी अजून बोललेलो नाही.
फोन पडेल असं वाटलं म्हणून
खांद्याने कानाशी दाबून धरला,
म्हटलं, बाई, मला माहीत नाही.
तिकडे जरा वेळ शांत.
मग म्हणाली, बरं. नंबर तरी लिहून घ्या माझा.

डाव्या हाताने लिहिला.
सात आणि एक सारखेच आले.
परत विचारून
साताला आडवी रेघ मारली.